भामाबाईची इंग्लिशची थाप

भामाबाई मनानं वाईट नाही हो. फक्त तिची जीभ तिच्या दोन पावलं पुढं धावते. सारा जन्म मुलींच्या वसतिगृहात भाकरी थापण्यात गेला. हाताला भाकरी थापायची सवय आणि तोंडाला थापा मारायची!

उस्मानपुऱ्यातल्या बुद्धविहारात महिला मंडळाची बैठक होती. थायलंडहून काही उपासिका लेणी बघायला येणार होत्या आणि वाटेत विहारात थांबणार होत्या. त्यांचं स्वागत कोण करणार? मनकर्णाबाईंनी लगेच पदर सावरला.

"आमची सून करील. मेघा कंपनीत दिवसभर इंग्लिशच बोलती. आपल्यात दुसऱ्या कुणाला येतंय?"

"का बरं? मला येतं की!" भामाबाई म्हणाली.

झालं! उचलली जीभ, लावली टाळ्याला. बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि स्वागताचं काम भामाबाईच्या गळ्यात पडलं. तिला येत होतं ते इंग्लिश म्हणजे टेबल, डॉक्टर, टेन्शन आणि फोन लागला नाही की त्यातली बाई म्हणते ते 'प्लीज ट्राय अगेन'. घरी येईपर्यंत तिच्या डोक्यात एकच विचार होता. विहारात आपण तोंडघशी पडलो तर मनकर्णाबाई मरेपर्यंत टोमणे मारणार, आणि आपण मेल्यावर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमातसुद्धा तेच सांगणार.

शेजारची आफरीन इंग्लिश बोलायचे क्लास घ्यायची. भामाबाईनं तिला गाठलं.

"मावशी, ये क्या कर को बैठे तुम!" आफरीननं कपाळावर हात मारला.

"बेटा, चार वाक्यं लिहून दे. पाठ करते."

"पाठ केलेलं ऐन वेळी उडून जातं, मावशी. रोजचं बोला. घरात जे लागंल ते इंग्लिशमधून मागा. जीभ आपोआप वळंल."

मग काय विचारता! भामाबाईच्या घरात इंग्रजांचं राज्य परत आलं. नवरा पुंडलिक, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेला साधा माणूस. सकाळी उठून म्हणाला, "चहा दे गं."

"टी, प्लीज म्हणा."

"आवं बाई, चहाला काय झालं?"

"टी, प्लीज. नायतर दूध मांजराला जाईल."

पुंडलिक दुपारपर्यंत अडून बसला, मग मुकाट्यानं "टी, प्लीज" म्हणाला. भामाबाईनं आनंदानं चहात आलं जास्त घातलं. मांजराला तर ती दिवसभर "कम" आणि "गो" म्हणायची. बिचारं मांजर कंटाळून उंबऱ्यातच बसून राहिलं.

भाजीवाला कय्युम गाडा घेऊन गल्लीत आला की ती पदर खोचून पुढं.

"कय्युम! टोमॅटो! व्हेरी रेड!"

"खाला, तबियत तो ठीक है ना?"

"फाइन! हाऊ आर यू?"

कय्युमलाही चेव आला. तो पार गल्लीच्या टोकापर्यंत "टोमॅटो व्हेरी रेड!" असं ओरडत गेला, आणि त्या दिवशी त्याचे टोमॅटो हातोहात खपले म्हणे. भामाबाई चमचा उचलताना "स्पून" म्हणायची, दार लावताना "डोअर" म्हणायची आणि एकटीच हसायची. घरातल्या प्रत्येक वस्तूचं नव्यानं बारसं चाललं होतं. इतकी मजा तिला शाळेत कधी आली नव्हती, कारण शाळा तिसरीतच सुटली होती.

पाहुण्या यायचा दिवस उजाडला. मेघाला सुट्टी मिळाली नव्हती. पाहुण्यांचा गाईड पार्किंगवरून कुणाशी तरी हुज्जत घालत बसपाशीच राहिला. म्हणजे इंग्लिश जाणणारं माणूस एकच, आफरीन, आणि ती पार मागं दाराशी उभी. पांढऱ्या कपड्यांतल्या पाहुण्या आत आल्या. मनकर्णाबाईंनी भामाबाईच्या पाठीला ढोसलं.

"चल. बोल आता."

भामाबाई पुढं झाली आणि डोक्यातलं सगळं इंग्लिश भुर्रकन उडालं. "हॅलो," एवढंच निघालं.

तिकडच्या बायकांनीही एका ठेंगण्या, चष्मेवाल्या आजीला पुढं ढकललं. आजीनं छातीवर हात ठेवला. "बुनमी. हॅलो. हाऊ आर यू?"

"भामाबाई. फाइन. हाऊ आर यू?"

"फाइन." आजी थांबली. इकडंतिकडं बघितलं. "हाऊ आर यू?"

भामाबाईनं तिच्याकडं नीट बघितलं. आजीच्या ओठांवर घाम होता. मागच्या बायका मोठ्या अभिमानानं तिच्या तोंडाकडं बघत होत्या. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक! बया, हिनंबी थाप मारलीय की काय!

आता झाकली मूठ झाकलीच ठेवायची, दोघींची. भामाबाईनं गंभीर चेहरा केला.

"टोमॅटो," ती म्हणाली. "व्हेरी रेड."

बुनमीचे डोळे मोठे झाले, मग चष्म्याआड लुकलुकले. "येस, येस! मंडे!"

"ओ, मंडे! ट्यूजडे?"

"ट्यूजडे! व्हेरी ट्यूजडे!"

"टेन्शन?"

"नो टेन्शन! बनाना!"

"प्लीज ट्राय अगेन," भामाबाईनं हात जोडून सांगितलं, आणि दोन्हीकडच्या बायकांनी कौतुकानं माना डोलावल्या. मागं आफरीननं ओढणीचा बोळा तोंडात कोंबला होता.

"काय म्हणती गं?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"तिकडच्या पिकापाण्याचं सांगती. केळी चांगली आलीत म्हणं."

पुढं पालीतली बुद्धवंदना झाली, ती मात्र सगळ्यांना येत होती. चाल निराळी, पण शब्द ओळखीचे. मग जेवणं. "ठेचा नका वाढू, पाहुण्यांना सोसायचा नाय," असं मनकर्णाबाई म्हणतायत तोवर बुनमीनं बोटभर ठेचा चाखला आणि ताट पुढं केलं. "मोर!" भामाबाई हसून हसून भिंतीला टेकली.

निघताना बुनमीनं तिचे दोन्ही हात धरले आणि स्वतःच्या भाषेत बराच वेळ काहीतरी सांगितलं. सांगता सांगता तिचे डोळे भरून आले. भामाबाईला एक अक्षर कळलं नाही. ती नुसती "येस, येस" म्हणत राहिली, आणि बस गेली.

मनकर्णाबाईंनी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली. जिंकलीच की ती! पण घरी आल्यावर भामाबाईनं आफरीनला जवळ बसवून घेतलं.

"आफरीन, बडबड लई झाली गं, बोलायचं राहिलं. तिला लेकरं किती, मालक हाय का, कशापाई रडली, काय बी इचारता आलं नाय मला." तिनं डोळे पुसले. "आता थापेसाठी नगं. खरं शिकव."

आफरीननं निघताना बुनमीचा नंबर घेऊन ठेवला होता. भामाबाई रोज संध्याकाळी शिकायला बसू लागली. एकच प्रश्न ती घोकत होती, आणि तो नीट बसल्याशिवाय पाठवायचा नाही असं तिनं ठरवलं होतं.

तो पाठवायच्या आधीच एका सकाळी मोबाइलवर व्हॉइस मेसेज आला. बुनमीचा आवाज होता, एकेक शब्द जपून ठेवलेला.

"हॅलो, भामाबाई. हाऊ मेनी चिल्ड्रन यू हॅव?"

भामाबाईनं तो पुन्हा एकदा लावून ऐकला. तोच प्रश्न! तिकडं तीही हाच घोकत बसली होती! तिनं आवाज भरायचं बटण दाबून धरलं.

"हॅलो, बुनमी. टू चिल्ड्रन. वन सन, वन डॉटर. अँड यू? व्हाय यू क्राय?"

आतून पुंडलिक अगदी अदबीनं म्हणाला, "टी, प्लीज."

"वेट!" भामाबाई ओरडली. "आय ॲम टॉकिंग!"