मॉरिशसहून आलेलं गाऱ्हाणं

नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि मी कुवेतच्या एका भारतीय शाळेत आठवीला भूगोल शिकवत होते. नवरा शुऐबाच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला. कंपनीची बस त्याला पहाटेच घेऊन जायची, मग मी मुलीची वेणी घालून तिच्यासोबत शाळेची बस पकडायचे. रुमैथियात एका कुवेती कुटुंबाच्या बंगल्याचा मागचा भाग आम्ही भाड्याने घेतला होता. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, आणि अंगणात मालकांचं एक म्हातारं बोराचं झाड. बोरं पिकली की मालकीणबाई वाटी भरून पाठवायच्या.

एकदा मी वर्गात हिंदी महासागरातली बेटं शिकवत होते. श्रीलंका दाखवली, मालदीव दाखवलं, आणि मॉरिशस शोधायला लागले तर सापडेना. तेवढ्यात दारातून आवाज आला, "मिस, माझं घर खिळ्याखाली आहे."

बघते तर फ्रेंच शिकवणाऱ्या मॅडम. नकाशा भिंतीला ठोकताना शिपायाने खिळा बरोबर मॉरिशसवर मारला होता. मुलं खो खो हसली. मीही हसले आणि म्हटलं, "मग या ना आत, तुम्हीच सांगा."

ती आली. चाळिशीची, सावळी, कुरळ्या केसांची. स्टाफरूममध्ये ती कोपऱ्यात बसून कॉफी प्यायची, फारसं कुणाशी बोलायची नाही. तिच्या बेटाबद्दल बोलायला लागली आणि बाई वेगळीच झाली. समुद्राच्या तळातून ज्वालामुखी वर आला, तो थंड झाला, तेच आमचं बेट, असं तिने सांगितलं. बेटाभोवती प्रवाळाची भिंत आहे. लाटा तिथेच फुटतात, आणि भिंतीच्या आतलं पाणी इतकं शांत की मुलं त्यात पोहायला शिकतात. डोंगर बुटके पण टोकदार. बाकी जिकडे तिकडे ऊस, आणि उसाच्या मधोमध काळ्या दगडांचे मोठाले ढीग.

"दगड कशाला?" एका मुलाने विचारलं.

"शेत करायचं तर आधी दगड काढायला हवेत ना? मजुरांनी हातांनी वेचले. वेचून वेचून ढीग केले. अजून तसेच आहेत."

"आणि तिथले ओरिजनल लोक कोण?"

"कुणीच नाही," ती म्हणाली. "आधी डच आले, त्यांच्या काळात डोडो पक्षी संपला. मग फ्रेंच आले, त्यांनी आफ्रिकेतून आणि मादागास्करहून गुलाम आणले. मग इंग्रज आले. गुलामी बंद झाली तेव्हा उसासाठी तुमच्या देशातून माणसं आणली. आमच्याकडे सगळेच बोटीतून उतरलेले."

त्या वर्गातली सगळीच मुलं कुठून ना कुठून आलेली होती. फक्त त्यांना इथे कायमचं राहता येणार नव्हतं. बापाची नोकरी संपली की इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, संपणार, हे आठवीतल्या पोरांनाही ठाऊक होतं.

ती मराठी आहे हे मात्र मला त्यानंतर बऱ्याच दिवसांनी कळलं, आणि तेही मोदकांमुळे. आदल्या दिवशी संकष्टी होती. उरलेले दोन मोदक मी डब्यात आणले होते. तिने डब्यात डोकावून पाहिलं आणि अगदी मऊ, फ्रेंच उच्चारात म्हणाली, "मोदक!"

मी चकित झाले. "तुम्हाला कसं माहीत?"

"मी मराठी," ती म्हणाली. ते दोन शब्द मराठीतच म्हणाली. पुढचं सगळं इंग्रजीत आणि सिनेमांतून शिकलेल्या हिंदीत. तिचा खापरपणजा मुंबईच्या बंदरातून बोटीत बसला होता. तिच्या घरी क्रिओल, म्हणजे फ्रेंचपासून झालेली तिथली बोली, बोलत, पण आजा, आजी, देव, भाकर असे काही शब्द टिकले होते. गणपतीत मृदंग वाजवून बायकापुरुष गोल फेर धरून नाचत. गाणी तिला पाठ होती, अर्थ येत नव्हता. तिचं आडनाव मी हजेरीपटावर रोज वाचत होते. फ्रेंच वळणाने लिहिलेलं ते आडनाव आमच्या गावातल्या अर्ध्या वाडीचं आडनाव होतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

मग ती घरी यायला लागली. ती सबाह अल-सालेमला एकटीच एका खोलीत राहायची. शुक्रवारी बसने यायची, मुलीला फ्रेंच शिकवायची आणि माझ्या हातची आमटी ओरपायची. मुलगी माझ्याशी इंग्रजीत बोलायची आणि मॅडम मात्र माझ्याकडून एकेक मराठी शब्द घेऊन जायची, याची मला गंमत वाटायची.

त्या वर्षी माझ्या सासूबाई गुहागरजवळच्या गावाहून व्हिजिट व्हिसावर आल्या होत्या. गणपती जवळ आले. दर वर्षी नवऱ्याचा एक मित्र मुंबईहून छोटी मूर्ती हँडबॅगेतून आणायचा. यंदा त्याची रजाच रद्द झाली. "तसबीर पुजू," नवरा म्हणाला. सासूबाईंचं तोंड उतरलं.

फ्रेंच मॅडम जेवत होती. म्हणाली, "माझे वडील दर वर्षी घरीच करतात. नदीकाठची काळी माती आणून. मला येतं."

पण कुवेतमध्ये माती आणायची कुठून? अंगणात वाळू. नर्सरीतली पिशवी आणली, ती निव्वळ कुजलेला पाला निघाली. शेवटी नवऱ्याने कारखान्यात विचारून विजेच्या अर्थिंगच्या खड्ड्यात घालतात ती बेन्टोनाइट माती पिशवीभर आणली. पाणी घातल्यावर ती फुगली, लोण्यासारखी झाली. मॅडमने हौसेने पोट केलं, सोंड केली. दुसऱ्या दिवशी बघतो तर गणपतीला आडव्या उभ्या भेगा. बाई रडायच्या बेतात.

सासूबाई इतका वेळ खुर्चीत बसून बघत होत्या. त्या उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "अगो बाय, कापूस घाल त्यात. आणि पेज. नुसत्या पाण्याने माती ऱ्हाते होय?"

मी भाषांतर करायला तोंड उघडलं, पण गरजच पडली नाही. सासूबाईंनी कापूस पिंजून तिच्या पुढ्यात टाकला, भाताची पेज ओतली आणि दोघी मिळून मळायला बसल्या. एक गुहागरची बोली बोलतेय, दुसरी क्रिओल. मधेच दोघी हसायच्या, कशाला ते त्यांनाच ठाऊक. दोन दिवसांनी मूर्ती उभी राहिली. नाक जरा रुंद होतं, डोळे मोठे होते. सासूबाईंनी लांबून पाहिलं, जवळून पाहिलं. "तिच्या बापासारखा झाला असंल," म्हणाल्या.

चतुर्थीला आम्ही दारं-खिडक्या लावून, हळू आवाजात आरती केली. वर मालक राहत होते आणि तिकडे असे सण आपापल्या घरात, गाजावाजा न करता करायचे असत. आरती झाल्यावर मॅडम हात जोडून तशीच उभी राहिली. म्हणाली, "आमच्याकडे आता बाबा काहीतरी म्हणतात. म्हणू?"

तिने डोळे मिटले आणि एका दमात म्हणायला लागली. शब्द झिजलेले, एकमेकांत मिसळलेले. मला आधी वाटलं क्रिओल आहे. सासूबाईंनी मात्र माझा हात घट्ट धरला. "गाऱ्हाणं घालतेय गो ती!" आमच्याकडे गावकऱ्यांसाठी देवाकडे मागणं मागतात ते गाऱ्हाणं. प्रत्येक मागण्याला बाकीच्यांनी होकार द्यायचा असतो. सासूबाई मोठ्याने होकार देऊ लागल्या. मॅडम दचकली, थांबली, मग पुन्हा म्हणायला लागली. शंभर-सव्वाशे वर्षं पाठ करून जपलेल्या त्या शब्दांना कुणीतरी समजून उत्तर देत होतं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मध्येच एक शब्द आला, "सोमझी".

"सोमजाई!" सासूबाई म्हणाल्या. "गावदेवी ती. बाय, तुझं गाव सोमजाईचं."

मॅडमने घाईने विचारलं, "कुठे आहे ते गाव?"

सासूबाई मला म्हणाल्या, "कसं सांगू तिला? सोमजाई तर आपल्याकडे गावोगाव आहे. बाणकोटापासून खाली मोजत ये."

मी सांगितलं. ती म्हणाली, "असू दे. काल मला एवढंही माहीत नव्हतं."

सासूबाई गावी परतल्या. वर्षं गेली. मग दोन हजार तीन साल उजाडलं आणि इराकवर हल्ला होणार याच्याच चर्चा घराघरांत चालू झाल्या. लोक विषारी वायूच्या भीतीने खिडक्यांना प्लास्टिक लावू लागले, काचांना चिकटपट्ट्या. शाळा बंद झाली. नवऱ्याला कारखाना सोडता येत नव्हता. त्याने मला आणि मुलीला तिकिटं काढून दिली. मॅडमला मॉरिशसचं विमान मुंबईहून मिळणार होतं, तेही आठ-दहा दिवसांनी. "तोवर हॉटेलात कशाला?" मी म्हटलं. "चला गावी."

गावी शिमगा होता. एसटीतून उतरलो तेव्हा लांबून ढोल ऐकू येत होता. सासूबाईंनी मॅडमला बघितलं आणि तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. पालखी अंगणात आली तेव्हा तिने ओंजळभर फुलं वाहिली. पलीकडे टीव्हीवर बगदादच्या आकाशातला जाळ दिसत होता आणि मी कुवेतचा फोन लागतो का ते पुन्हा पुन्हा बघत होते. फोन लागला की नवरा सांगायचा, "सायरन झाला. आता शांत आहे." मी पाया पडताना काय मागितलं ते मला आठवत नाही. नुसती उभी होते.

दुसऱ्या दिवशी सासूबाई तिला रिक्षाने शेजारच्या गावी घेऊन गेल्या. तिथे सोमजाईचं कौलारू देऊळ आहे, पुढे आंबा, मागे ओढा. सासूबाईंनी गुरवाला सगळी हकिगत सांगितली. गुरव म्हातारा होता, शांत होता. तो म्हणाला, "इथलीच का म्हणून कशाला विचारायचं? आईचं लेकरू आईकडे आलं." त्याने नारळ ठेवला आणि तिच्या नावाने गाऱ्हाणं घातलं. जमलेल्या पाच-सहा जणांनी होकार दिला.

ती बाहेर आली आणि ओढ्याकाठी बसून राहिली. मी जवळ गेले.

"हेच गाव असेल का?" तिने विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं.

"दगड तसेच आहेत," ती म्हणाली. "काळे."

मे महिन्यात मी मुलीला घेऊन कुवेतला परतले, मॅडमही बेटावर जाऊन आली. नवरा सुखरूप होता, जरा वाळला होता. एका शुक्रवारी मी तिच्या खोलीवर गेले. काचांवरच्या चिकटपट्ट्या निघता निघत नव्हत्या. आम्ही दोघी चाकूने खरवडत बसलो. तेव्हा तिने वडिलांचं सांगितलं. तिने त्यांना देवळाची सगळी हकिगत सांगितल्यावर ते हसायला लागले. म्हणाले, "सोमझी देवी आहे? मला जन्मभर वाटत होतं, माझ्या पणजीचं नाव आहे. मी तिच्यासाठी फूल ठेवायचो."

"मग आता?" मी विचारलं.

"आता दोन ठेवतात."

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी ती कायमची बेटावर परत गेली. वडील थकले होते. आम्हीही पुढे कुवेत सोडलं आणि चिपळूणला घर केलं. सासूबाई गेल्या तेव्हा तिचा फोन आला. अडखळत, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत ती मराठीतच बोलली. आता तुमची मॉरिशसला यायची वेळ झाली, असं ती दर फोनला म्हणते. पासपोर्ट काढून ठेवलाय, गुडघे मात्र कुरकुरतात. मुलगी म्हणते, "आई, हिवाळ्यात जाऊ." मॉरिशसला आपल्या हिवाळ्यात उन्हाळा असतो हे तिला सांगायला हवं.