तिचं बोलणं, ड्राइव्ह बी

मालवणच्या बाजारात आमचं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. आमचं म्हणजे सरांचं. मी तिथे शिकवायला होते. ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा सरांनी टाइपरायटरांच्या रांगेशेजारी एक कॉम्प्युटर आणून बसवला आणि मला तीन महिन्यांच्या कोर्सला कोल्हापूरला पाठवलं. परत आले ती डोकं हवेत घेऊनच. हे यंत्र कळणारी तालुक्यात मी एकटी, असं मला वाटायचं, आणि दुर्दैवाने लोकांनाही तसंच वाटायचं.

यंत्राला हार्ड डिस्क नव्हती. फ्लॉपीचे दोन ड्राइव्ह होते, ए आणि बी. ए मध्ये प्रोग्रॅम घालायचा, बी मध्ये आपलं काम. फ्लॉपी म्हणजे काळ्या पाकिटातली पातळ गोल तबकडी. पाकिटाला एक लांबट खिडकी असायची आणि तिच्यातून यंत्र तबकडी वाचायचं. ती खिडकी उघडी असते हे मी रोज बघत होते. मालवणात पावसाचे चार महिने चपलांना, पट्ट्यांना, लग्नाच्या अल्बमलासुद्धा बुरशी येते, हेही मला जन्मापासून ठाऊक होतं. पण ह्या दोन गोष्टी शेजारी ठेवून विचार करायची बुद्धी काही मला झाली नाही.

देवबागचे एक निवृत्त गुरुजी आमच्याकडे आले ते तीन वह्या घेऊन. होडीवर जगणाऱ्या घरातले, आणि त्या घरात शिकलेले तेच पहिले. आयुष्यभर त्यांनी पोरांच्या 'माका'चं 'मला' केलं, 'खंय'चं 'कुठे' केलं, आणि घरी गेल्यावर बायकोचंही तेच करत राहिले. ती मासे विकायला बसायची. शाळेची पायरी तिने पाहिली नव्हती. शेवटचं वर्षभर ती अंथरुणाला खिळली तेव्हा ह्या माणसाला काय झालं कोण जाणे, तिच्या उशाशी बसून ती जे बोलेल ते, बोलेल तसं, एक अक्षर न सुधारता ते लिहून घेत गेले. तिच्या माहेरच्या गोष्टी, बाजारातली भांडणं, तापातली बडबड, नवऱ्याला घातलेल्या शिव्या, सगळं. मग ती गेली आणि वह्या राहिल्या. पण घर खाडी आणि समुद्र ह्यांच्या मधल्या वाळूवर. एका उधाणात पाणी घरात आलं, वह्यांची पानं एकमेकांना चिकटली आणि शाई पसरायला लागली.

"ह्या यंत्रात घातलं तर टिकेल का?" त्यांनी विचारलं. ते स्वतः बोलायचे अगदी शुद्ध, छापल्यासारखं.

"गुरुजी, कागद कुजतो. ह्यात काही कुजत नाही," मी म्हटलं. केवढ्या तोऱ्यात म्हटलं ते आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

त्या यंत्राला मराठी येत नव्हतं. त्यामुळे सगळं इंग्रजी अक्षरांत टाइप करायचं ठरलं. गुरुजींना ते रुचलं नाही. "जन्मभर हिला मराठी करायला बघितलं, आता इंग्रजी करतोय," म्हणाले. पण त्यांनी मान्य केलं. दोन महिने रोज दुपारी ते एसटीने यायचे, पानं हलक्या हाताने सोडवायचे आणि वाचायचे, आणि मी टाइप करायचे. वाचताना त्यांचा आवाजच बदलायचा. छापल्यासारखं बोलणारा तो माणूस बाजारातल्या बाईसारखा हेल काढायचा. मध्येच कुठे हसायचे, कुठे चष्मा पुसायचे. दिवसाची एक फाइल व्हायची. आठ अक्षरांत बसेल असं नाव तेच द्यायचे. लगीन, बाजार, सासू, ताप.

शेवटचं पान झालं तेव्हा त्यांनी विचारलं, "आता वह्यांची गरज नाही ना?"

"नाही," मी म्हटलं.

कागद काढायचा प्रिंटर दुरुस्तीला कोल्हापूरला गेला होता. तो आला की सगळं छापायचं होतं आणि तेव्हाच दुसऱ्या फ्लॉपीवर कॉपीही काढायची होती. कॉपी काढायला पाच मिनिटं लागली असती. काढली नाही. कारण काही नाही. उद्या काढू म्हटलं, आणि तो उद्या रोज पुढे सरकत गेला. इकडे गुरुजींनी वह्या रद्दीत दिल्या नाहीत. बायकोच्या बोलण्यात कुणीतरी भजी बांधून देईल हे त्यांना सोसलं नसतं. जाळणं तर त्यांच्या मनातही आलं नाही. आमच्याकडे जुन्या तसबिरी, भंगलेल्या मूर्ती पाण्यात सोडतात. त्यांनी तिन्ही वह्या एका फडक्यात बांधल्या, वर जास्वंदीचं फूल ठेवलं आणि खाडी-समुद्राच्या संगमावर जाऊन सोडून दिल्या. मला हे त्यांनी मोठ्या समाधानाने येऊन सांगितलं.

ऑगस्टात प्रिंटर परत आला. गुरुजींना बोलावलं. फ्लॉपी बी मध्ये घातली, पहिली फाइल उघडली, आणि ड्राइव्ह घशात काटा अडकल्यासारखा घरघरला. पडद्यावर ओळ आली. बी ड्राइव्ह वाचताना चूक. ॲबॉर्ट, रिट्राय, फेल?

मी रिट्राय दाबलं. पुन्हा घरघर, पुन्हा तीच ओळ. पुन्हा दाबलं. किती वेळा दाबलं सांगता येणार नाही. फ्लॉपी बाहेर काढून बघितली तर खिडकीतून दिसणाऱ्या तबकडीवर पांढुरके ठिपके होते, लोणच्यावर येतात तसले. मी ती साडीच्या पदराने पुसली. होय, पदराने. आणि परत आत घातली.

गुरुजी शेजारीच बसले होते. "काय म्हणतंय?" त्यांनी विचारलं.

"थोडी तक्रार आहे. तपासते," मी म्हटलं.

कोर्सच्या वहीत चेकडिस्क म्हणून एक कमांड होती. ती डिस्कचा हिशोब तपासून काय बिघडलंय ते सांगते. ती चालवली. ती म्हणाली, हरवलेले तुकडे अकरा, साखळ्या तीन. त्यांच्या फाइली करू का, होय की नाही?

गुरुजींनी ओळ वाचली. इंग्रजी त्यांना बरं यायचं. "हरवलेत म्हणतंय, मग अकरा आहेत हे कसं कळलं?"

मला हसू आलं. मी होय दाबलं. पुन्हा कमांड दिली तर पुन्हा अकरा. पुन्हा होय. पुन्हा अकरा. चार दिवस मी असं होय होय करत बसले, आणि दर वेळी वरच्या बाजूला एक बारीक ओळ येत होती ती वाचलीच नाही. तिच्यात लिहिलेलं असायचं की कमांडला एफ जोडलेला नाही, म्हणून केलेली दुरुस्ती डिस्कवर लिहिली जाणार नाही. म्हणजे यंत्र मला विचारत होतं, मी हो म्हणत होते, आणि ते काहीच करत नव्हतं. गुरुजी रोज येऊन "आज कसं आहे?" असं विचारायचे. घरात आजारी माणूस असल्यासारखं.

पाचव्या दिवशी वहीतली दुसरी कमांड दिसली. रिकव्हर. पुढे माझ्याच सुवाच्य अक्षरात अर्थ होता, 'खराब फाइल परत मिळवणे.' तो शब्द बघून मला देव भेटल्यासारखं झालं. आजाऱ्याला बरं वाटतं त्यालाही इंग्रजीत हाच शब्द आहे, हे मी गुरुजींना सांगितलंसुद्धा. मी टाइप केलं, रिकव्हर बी. पुढे फाइलचं नाव द्यायचं असतं, एका वेळी एकच फाइल करायची असते, हे कोल्हापूरला सांगितलं असेल किंवा नसेल. मला वाटलं, एकेक कशाला, सगळंच बरं होऊ दे. सुरू करायला कुठलीही कळ दाबा, अशी ओळ आली.

"तुम्हीच दाबा, गुरुजी," मी म्हटलं. त्यांचा मान म्हणून.

त्यांनी चष्मा सारखा केला आणि एका बोटाने हळूच कळ दाबली. यंत्र बराच वेळ चाललं. मग आलं, डिरेक्टरी भरली. फाइलींची यादी काढली तर लगीन नव्हतं, बाजार नव्हता, सासू नव्हती. एकाखाली एक नुसते आकडे. फाइल एक, फाइल दोन, फाइल तीन, अशा एकशे बारा. त्याहून जास्त नावं त्या फ्लॉपीवर मावतच नाहीत. उरलेले तुकडे त्याने बाहेरच ठेवले.

कोल्हापूरच्या माझ्या शिक्षकांना पत्र टाकलं. आठवड्याने उत्तर आलं. कुठला तुकडा कुणाला जोडायचा ह्याचा तक्ता फ्लॉपीच्या कडेला असतो, तो बुरशीने आणि माझ्या पुसण्याने आधीच गेला होता. दर रिट्रायला यंत्राचं तबकडी वाचणारं हेड तिथेच घासत होतं. आणि रिकव्हर ही कमांड अख्ख्या डिस्कवर देणं म्हणजे पुस्तकाची शिवण उसवून पानं वाऱ्यावर सोडणं. शेवटी त्यांनी लिहिलं होतं, 'मूळ कागद असतीलच, त्यावरून पुन्हा टाइप करावे.'

एकशे बारापैकी जेमतेम दहा-बारा फाइली वाचता आल्या. बाकी सगळी चिन्हं आणि चौकोन. त्या छापून मी गुरुजींच्या हातात दिल्या. एकीत होतं, "तुमी पोरांका शिकवा, माका नको. माझ्या जिभेर आता" आणि तिथे तुटलं. दुसरी फाइल सुंगटं, म्हणजे कोळंबी, निवडण्यापासून सुरू होत होती आणि दोन ओळींतच कुणाच्या तरी बारशात शिरत होती. गुरुजी त्या कागदांकडे बघत बसले. ते मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. मी रडत होते, आणि उलट तेच मला पाणी प्या म्हणाले.

दसऱ्यानंतर ते पुन्हा आले. हातात कोरी करकरीत वही. "पुन्हा लिहायला बसलो होतो," म्हणाले. "सगळं आठवतं मला. पण पेन हातात घेतलं की..." त्यांनी पहिलं पान उघडून दाखवलं. वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'मला शिकवू नका.' खाली आणखी चार ओळी होत्या, तशाच शुद्ध, आणि सगळ्यांवर त्यांनी आडवी रेघ मारली होती.

"तुम्ही तर तिचा प्रत्येक शब्द ऐकलात," ते म्हणाले. "तुम्हाला काही आठवतं? तिच्यासारखं?"

आम्हा टायपिस्टांना पहिल्या दिवसापासून शिकवतात की अर्थात गुंतायचं नाही. अर्थात गुंतलं की बोट चुकतं. कानावर आलेलं अक्षर सरळ बोटात उतरलं पाहिजे. मी हुशार टायपिस्ट होते. दोन महिने ती बाई माझ्या बोटांतून गेली आणि मी तिचं काहीच ऐकलं नव्हतं. मला गुरुजींचा खोकला आठवत होता, त्यांचं हसणं आठवत होतं. वाक्य एकही नाही.

ते पेन उघडून थांबले होते. मला खरं सांगायचा धीर झाला नाही.

"एक आठवतं," मी म्हटलं. "दार लावू नको, वारो येवंदे."

"व्हय," ते म्हणाले. स्वतःचं म्हणून मालवणी बोलताना, आणि मला 'पोरी' म्हणून हाक मारताना, मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. "व्हय गो चेडवा. अशीच म्हणायची ती."

आणि त्यांनी ते लिहून घेतलं, सावकाश, एक अक्षर न सुधारता. त्या नव्या वहीत तिच्या भाषेतली तेवढी एकच ओळ उतरली. पुढे वर्षाच्या आतच ते गेले. ती ओळ माझ्या आईची आहे. दुपारी जेवणं झाली की ती आडवी पडताना रोज म्हणायची.