तो दौंडला बसून माझा स्क्रीन बघत होता

मैत्रिणींनो, ओठ फुटलाय, पण बोटं शाबूत आहेत म्हणून लिहितेय.

आज सकाळी आमच्या शिरूरच्या घरातल्या कम्प्युटरवर पाळत ठेवणारं एक सॉफ्टवेअर सापडलं. मी ते काढून टाकलं आणि नेटच बंद पडलं. मोबाईलवर वायफाय चालू, कम्प्युटरवर मात्र काहीच उघडेना.

थोड्या वेळानं नवऱ्याचा फोन आला. तो कामाला दौंडला असतो, आठवडाभर तिकडंच राहतो. "कम्प्युटरला काय केलंस? मला मोबाईलवर काय दिसंना झालंय."

बोलून गेला आणि फोन कट केला. मला कळायचं ते कळलं.

दुपारी गाडी हाणत आला. आल्या आल्या कानाखाली वाजवली, मग कीबोर्ड उचलून तोंडावर मारला. मी वरवंटा उचलला तेव्हा कुठं मागं सरकला. सासूबाई मला म्हणाल्या, "वरडू नगं. घरातलं घरात राहू दी."

त्याला बाहेर ढकललं, सासूबाई त्याच्यामागं गेल्या, तशी मी आतून कडी लावली आणि पुन्हा कम्प्युटरसमोर बसले. त्या सॉफ्टवेअरनं माझं सगळं नेट स्वतःमधून वळवलं होतं. ते गेलं तरी सेटिंगमधलं नेट असं वळवणारं प्रॉक्सीचं बटण चालूच होतं. ते बंद केलं, नेट आलं.

पोलिसांना फोन केलाय. तो दारावर लाथा घालतोय. सासूबाई बाहेरून अजून तेच सांगतायत, घरातलं घरात राहू दी.

मग माझ्या घरातलं त्याच्या मोबाईलवर दौंडला कसं पोचत होतं, हे त्यांना कुणी विचारायचं?