बंद घराविषयी विचारलं तेव्हा

हे मी आईलाही सांगितलेलं नाही. डायरीतसुद्धा नाही – आणि माझी डायरी इंग्रजीत असते, घरात ती कुणी वाचू शकत नाही. तरीही नाही. तुम्हाला का सांगतेय? नीट ठाऊक नाही.

पर्वत पाटिया नाक्याच्या मागे, खाडीला लागून आमची गल्ली होती. बहुतेक घरं खानदेशातून गुजरातेत कामाला आलेल्यांची. पूल आणि रुंद रस्ता होणार म्हणून ती पाडली. रस्त्याच्या कडेला आता कुणा बिल्डरचे टॉवर आहेत, काचेच्या बाल्कन्यांचे. मोजणीत ज्यांचं राहतं घर म्हणून नाव लागलं, त्यांना सरकारी फ्लॅट मिळाला. आम्हाला मिळाला. शेजारच्या सिंधूमावशीला नाही. ती आता शहराबाहेर चलथाणला भाच्याच्या घरी एका कोपऱ्यात राहते.

मावशी एकटी होती, साड्यांना लेस लावायची. आई कापड मार्केटातल्या कामावरून येईपर्यंत मी तिच्याकडेच जेवायचे. गावी जाताना किल्ली शेजारी ठेवायची, ही गल्लीची रीतच होती. भाऊ वारल्याचा निरोप आला तेव्हा मावशीने किल्ली आईकडे दिली नाही, माझ्या हातात दिली. "मोजणीवाला उना तं दार उघाडी दे माय. तुले इंग्रजी येस ना." लाइटबिल, रेशनकार्ड कुठल्या डब्यात आहे, तेही दाखवून गेली.

मोजणीवाला आला. आमचं घर त्याने सकाळीच लिहिलं होतं, पप्पांसमोर. मी कॉलेजातून परतले तेव्हा तो मावशीच्या दारात उभा होता, हातात टॅबलेट. माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठा असेल. माझ्याकडे बघून इंग्रजीत म्हणाला, तुम्ही इथल्या वाटत नाही.

मला बरं वाटलं. हे लिहायला सर्वांत जड जातंय – मला खरंच बरं वाटलं. शाळेतल्या एकाही मैत्रिणीला मी ही गल्ली दाखवली नव्हती. मी म्हटलं, नाही, कुणाला तरी भेटायला आलेय.

मग त्याने कुलपाकडे बोट केलं. इथे कुणी राहतं का?

किल्ली माझ्या बॅगेत होती. पण भेटायला आलेल्या मुलीकडे शेजारची किल्ली कशी असेल? एवढाच विचार आला, शपथेवर सांगते. मावशीचा नाही आला. मी म्हटलं, रिकामं असावं बहुतेक.

त्याने स्क्रीनवर बोट टेकवलं आणि पुढच्या दाराकडे गेला.

तो आठवडाभर गल्लीत फिरत होता. कधीही गाठून सांगता आलं असतं. मी मागच्या वाटेने कॉलेजला जायला लागले.

मावशी परत आली, विचारलं. मी म्हटलं, मी कॉलेजात होते. ती स्वतःलाच बोल लावत राहिली – गावाला दहाव्यानंतर लगेच निघायला हवं होतं, तेराव्यापर्यंत थांबले. यादीत नाव नाही म्हणून तिने केलेले सगळे अर्ज मीच लिहिले. चांगले लिहिले. ज्या एका वाक्याने काम झालं असतं, ते सोडून सगळं लिहिलं.

शेवटी कचेरीत बोलावणं आलं. मावशीची गुजराती साहेबांपुढे अडखळायची, म्हणून मी सोबत. साहेब वाईट नव्हते. कागद चाळून त्यांनी विचारलं, त्या दिवशी शेजारीपाजारी कुणीच नव्हतं का, किल्ली असलेलं, सांगणारं?

माझ्याकडे न बघताच मावशी म्हणाली, "कोनीच नव्हतं, साहेब. समदा कामवर गयथात. हाई पोर कॉलेजमा व्हती."

साहेबांना ते कळलं नाही. "शुं कहे छे, बेन?" त्यांनी मला विचारलं.

मी तिचं वाक्य गुजरातीत सांगितलं. स्वच्छ, एकही शब्द न गाळता.