बिनवायरचे रिमोट आणि खोक्यावरचं इंग्रजी

आधीच माफी मागतो. माझी शाळा आठवीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकतील, आणि मोठमोठे शब्द मला जमत नाहीत. पण उचगावच्या आमच्या गेम पार्लरमधले किस्से एवढे साठलेत की कुठंतरी रिकामे करायलाच हवेत. हे किस्से म्हणजे ड्रॉवरमध्ये पडलेल्या उतरलेल्या सेलांसारखे. टाकून द्यायला जीव होत नाही, आणि कधी एखादा काढून घातला तर पाच मिनिटं परत चालतोसुद्धा!

मित्रांना सांगितले की ते हसतात. मीही हसतो. पण खरं सांगायचं तर पार्लरमधले ते सहा महिने मी रोज घाबरलेला होतो. का, ते पहिल्याच किश्श्यात कळेल.

*

मोबाइल अजून प्रत्येकाच्या खिशात आला नव्हता, तेव्हाची गोष्ट. पार्लर आण्णांचं. ते पूर्वी टीव्ही दुरुस्त करायचे. रस्त्याकडेचा एक गाळा, दोन टीव्ही, गेमची दोन मशीनं, आणि सगळं सांभाळायला मी, एकोणीस वर्षांचा. गाळ्याच्या मागंच त्यांचं घर. घरात वहिनी आणि चौथीतली मुलगी सायली.

गेम खेळायला हातात जे धरतात त्याला आमच्याकडं सगळे रिमोटच म्हणायचे. त्याला लांब वायर असायची. त्या वायरीनंच घात केला. मारुती नावाचा फौंड्रीतला एक जण रोज यायचा. मूळचा नेसरीचा, उचगावात खोली करून राहिलेला. गोल झाला की उठून नाचायची त्याला खोड. एकदा असाच नाचला, वायर पायात गुंतली आणि मशीन टेबलावरून खाली! नशिबानं मारुतीच्या पायावर पडलं म्हणून वाचलं. मशीन. पाय आठवडाभर सुजला होता.

मग आण्णांनी मुंबईहून बिनवायरचे चार रिमोट मागवले. खोकं आलं. मागच्या बाजूला मुंग्यांसारखं बारीक इंग्रजी. आण्णांनी ते माझ्यापुढं धरलं.

"संजू, वाच बघू. आपल्या दोन्ही मशीनला चालत्यात का?"

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. मला इंग्रजी वाचता येतं असं तिथं सगळ्यांना वाटायचं. पडद्यावर 'स्टार्ट', 'पॉज', 'सेव्ह' आलं की मी पटकन सांगायचो. पण ते मी वाचत नव्हतो. ओळखीच्या माणसाचा चेहरा लांबून ओळखावा, तसं ओळखत होतो. कामाला लागताना आण्णांनी विचारलं होतं, "इंग्लिश येतंय न्हवं? आधीच्याला येत नव्हतं, म्हणून काढला." आणि मी मान हलवली होती. त्याआधी दोन वर्षं मी वीटभट्टीवर होतो. तिथं मला परत जायचं नव्हतं.

मी खोक्यावरून डोळे फिरवले. डावीकडून उजवीकडं, एवढं माहीत होतं.

"चालत्यात," मी म्हणालो.

*

पहिल्या मशीनला चालले. दुसऱ्याला चारातला एकही चालेना!

आण्णा माझ्याकडं बघत होते. "तू तर म्हणलास, दोन्हीला चालत्यात."

माझं तोंड कोरडं पडलं. आणि त्या कोरड्या तोंडातून कुणीतरी दुसराच बोलला, "चार दिवस लागत्यात, आण्णा. मशीनची वळख व्हायला. तसं लिवलंय खोक्यावर."

आण्णांनी उठून कॅलेंडरवर चौथ्या दिवसाभोवती गोल केला.

ते चार दिवस मला जेवण गेलं नाही. दुपारी पार्लर रिकामं झालं की मी रिमोट घेऊन बसायचो. सगळी बटणं दाबून बघितली. एकत्र दाबली, उलटी दाबली. एकदा हात जोडूनही बघितले. चौथ्या दिवशी सकाळी सेल बदलताना झाकणाखाली नखाएवढी एक खटकी दिसली. ती सरकवली आणि लाल दिव्याचा हिरवा झाला. दुसऱ्या मशीनवरचा खेळाडू हलला!

आण्णांनी कॅलेंडरकडं बघितलं, मग मशीनकडं. "बघ! ह्याला म्हणत्यात कंपनी! चार म्हंजे चारच दिवस!"

आणि मागं तोंड करून घरात ओरडले, "आगं ऐकलंस काय! पोरगं काय वाचतंय, काय वाचतंय!"

मला बरं वाटायला हवं होतं. पण आठ दिवसांत गल्लीभर नाव झालं. शेजारचे एक म्हातारे औषधाची बाटली घेऊन आले. "किती चमचे लिवलंय रं पोरा?"

मी बाटली घेऊन उजेडाकडं धरली. आजही आठवलं की अंगावर काटा येतो. शेवटी म्हणालो, "काका, ह्ये झाकण गळतंय. दुकानात जाऊन बदलून घ्या, आन् त्यालाच विचारा." झाकण चांगलं घट्ट होतं. दुकानदारानं म्हाताऱ्यांना काय सुनावलं, ते मी विचारलं नाही.

*

एका संध्याकाळी मारुती पहिल्या टीव्हीपुढं बसला होता. चहा आला म्हणून त्यानं रिमोट खाली ठेवला. पडद्यावरचा त्याचा खेळाडू मात्र थांबेना. बॉल घेऊन सरळ निघाला!

मारुतीच्या हातातला चहा बशीत सांडला. शेजारच्या अनोळखी गिऱ्हाइकाला तो म्हणाला, "पावणं, ह्यो आपला आपण पळतोय की!"

पावणं दुसऱ्या टीव्हीवर खेळत होते. ते म्हणाले, "आन् माझा का थांबलाय?"

दोघंही उठून दारात गेले. पंखा तेवढा फिरत होता. मारुती हळूच म्हणाला, "आण्णा, ह्या जागेवर आधी काय हुतं?"

"काय न्हाय. चिरमुऱ्याचं दुकान."

"मालक जित्ता हाय?"

आण्णांनी जरा विचार केला. "न्हाय."

झालं! मारुती दुसऱ्या दिवशी लिंबू-मिरची घेऊन आला आणि टीव्हीच्या वर टांगली. मला कारण माहीत होतं. खटकी ज्या नंबरावर असेल त्याच मशीनला रिमोट चालायचा, आणि खटक्या सरकवायच्या नादात मी दोघांचेही रिमोट पहिल्याच मशीनच्या नंबरावर ठेवले होते. पण ते सांगायचं तर चार दिवसांचंही सांगायला लागलं असतं. कुणाचं लक्ष नाही बघून मी खटकी सरकवली. खेळाडू शहाण्यासारखे जागेवर उभे राहिले.

"लिंबू लावलं आन् गप झालं बघा!" मारुती म्हणाला.

तेव्हापासून दर शनिवारी आण्णा लिंबू बदलायचे आणि मी खटक्या तपासायचो.

*

बिनवायरच्या रिमोटचं दुखणं म्हणजे सेल. एका रिमोटला दोन. आज घातले की उद्या संध्याकाळी दिवा मिचमिचायला लागायचा. प्रत्येकाचा इलाज वेगळा. कुणी सेल तळहातावर घासायचा, कुणी फरशीवर आपटायचा. मारुती दातांनी चावायचा. "चावला की रस सुटतोय त्याला," असं तो म्हणायचा. सेलवरच्या खुणा बघून आण्णा सांगायचे, कुठला सेल मारुतीनं वापरलाय!

आमचा मुख्य इलाज ऊन. वहिनींनी गच्चीवर कुरडया वाळत घातल्या की त्यांच्याच कडेला मी सेल मांडायचो. वहिनी म्हणायच्या, "संजू, तू राखण कुरडयांची करतोयस का तुझ्या पोरांची?"

एके दिवशी एका सेलातून काळपट पाणी सुटलं आणि कुरडयांखाली अंथरलेल्या जुन्या पातळाच्या कडेपर्यंत गेलं. कुरडईला लागलं की नाही कळेना. मी वहिनींना बोलवून दाखवलं. त्यांनी अर्ध्या कुरडया उचलून खड्ड्यात पुरल्या. मग सेलांना फुटक्या कानाची एक परात दिली आणि म्हणाल्या, "ह्यातनं बाहीर आलास तर बघ." मला म्हणाल्या की सेलांना, ते मी अजून ठरवू शकलो नाही.

*

एकदा मारुतीचा आणि एका ड्रायव्हरचा सामना अगदी रंगात आला होता. बरोबरी. मारुतीचा तास संपायला दोन मिनिटं बाकी. आणि रिमोटचा दिवा मिचमिचायला लागला. मारुतीनं सेल चावले. घासले. परत चावले. दिवा गेला!

मी ड्रॉवर उपसला. सगळे मेलेले. मागं वळलो तर मारुती स्टुलावर चढलेला. भिंतीवरचं घड्याळ उतरवून त्यानं त्यातला सेल काढला, माझ्या टॉर्चमधला दुसरा घेतला, घातले आणि परत खेळायला बसला. आणि खेळतच राहिला.

शेवटी आण्णा म्हणाले, "मारुती, ऊठ. तास कवाच झाला."

मारुतीनं टीव्हीवरची नजर न काढता घड्याळाकडं बोट केलं. "अजून दोन मिन्टं हायती की!"

*

सायली इंग्रजी शाळेत जायची. दुपारी पार्लर रिकामं असलं की कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून गृहपाठ करायची. मला दादा म्हणायची. मारुतीला भीत नव्हती, भुताला भीत नव्हती. मी मात्र त्या पोरीला भ्यायचो.

एकदा तिनं मान वर केली. "दादा, 'बिकॉज'चं स्पेलिंग सांग की."

मी म्हणालो, "थांब, बाहीर गिऱ्हाईक आलंय."

बाहेर कुणी नव्हतं. मी आण्णांची सायकल धुवायला घेतली. ती सकाळीच धुतलेली होती. चाकांच्या तारा एकेक करून पुसल्या. आत आलो तेव्हा तिनं पुस्तकात बघून लिहून ठेवलं होतं. तिनं सायकलीकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि परत कधीच मला काही विचारलं नाही. मला वाटलं, सुटलो.

*

आता हा शेवटचा. हा मी सहसा सांगत नाही.

सेलांना वैतागून आण्णांनी एक चार्जर आणला. भिंतीत लावायचा, चार खाचांचा. ड्रॉवरमध्ये पानपट्टीवरून घेतलेल्या साध्या सेलांचं नवीन पाकीट होतं. आण्णांनी त्यातला एक माझ्या हातात दिला.

"चार्जरात सगळंच सेल चालत न्हाईत म्हणं. ह्यो चालतोय का, वाच बघू. लिवलेलं असतंय."

लिहिलेलं होतं. सेलच्या पोटावर, अगदी बारीक, तीन ओळी. मी तो बोटांत गोल फिरवला. ओळखीचा एकही चेहरा नव्हता. 'माहीत नाही' म्हणायला किती वेळ लागतो? पण वीटभट्टीची धग मला तोंडावर जाणवली.

"चालतोय," मी म्हणालो.

चार सेल लावले. दुपारची वेळ. मारुतीला सुट्टी होती, तो खेळत होता. सायली चार्जरच्या खालच्या खुर्चीवर बसून चित्र रंगवत होती. तासाभरानं कसला तरी आंबूस वास आला. मी चार्जरला हात लावला आणि चटका बसला. बारीक फुसफुस ऐकू येत होती. 'सायली, ऊठ' म्हणायला मी तोंड उघडलं.

फाट्!

मारुती जमिनीवर आडवा झाला. आण्णा घरातून धावत आले. धूर थोडाच होता. सायली खुर्चीत तशीच बसलेली, हातात पिवळा खडू. सेलचं पत्र्याचं टोपण तिच्या कानाजवळून जाऊन समोरच्या थर्माकोलच्या पाटीत रुतलं होतं. तिच्या वेणीजवळचे चार केस करपले होते. बाकी काही नाही. काही म्हणजे काहीच नाही. आण्णांनी तिचे डोळे, कान, हात परत परत बघितले. वहिनी दारात मटकन खाली बसल्या.

मी भिंतीला टेकून उभा होतो. आण्णा माझ्याकडं आले. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. बसावीच, असंही वाटलं.

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "भ्या नको, संजू. तुझी काय चूक? तू वाचून सांगितलंस की. कंपनीच चोर!"

मारुती जमिनीवरूनच म्हणाला, "मी म्हणलं नव्हतं? चिरमुरेवाला!"

कुणी हसलं नाही.

सायली उठली. कोपऱ्यात गडगडत गेलेला फुटका सेल तिनं फडक्यात धरून उचलला आणि डोळ्यांजवळ नेला. तिचे ओठ हलायला लागले. एकेका शब्दाला थांबत थांबत ते हलत होते. मग थांबले. तिनं माझ्याकडं बघितलं. त्या दिवशी सायकलीकडं बघितलं होतं, तसंच.

"काय लिवलंय गं त्याच्यावर?" आण्णांनी विचारलं.

सेल तिच्या हातात होता. त्याच्यावरची पांढरी अक्षरं मला एवढ्या लांबून स्वच्छ दिसत होती. नुसती दिसत होती, एवढंच.

"अक्षरं जळल्यात पप्पा," सायली म्हणाली. "वाचता येत न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णा शटर वर ढकलत होते. सायली दप्तर पाठीला लावून पायरीवर रिक्षाची वाट बघत उभी होती. मी ड्रॉवरमधून एक नवा सेल काढला, तिच्या हातात दिला आणि आण्णांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणालो, "वाच. मला येत न्हाय."