उमाटे सरांची ‘लाइन’

उमाटे सरांची आणि माझी पहिली गाठ सेलूच्या शाळेत, आठवीच्या वर्गात पडली. आमचं कापडाचं दुकान. हिशेब तोंडपाठ, इंग्रजीच्या नावानं मात्र आनंदीआनंद. सरांनी फळ्यावर ‘लाइन’ एवढा एकच शब्द लिहिला आणि मला उठवलं. मी आधीच सांगून टाकलं, “सर, मले इंग्रजी येत नाई.”

“घरची बिजली गेली तं तुही माय काय म्हणते?”

“लाइन गेली म्हणते.”

“मंग येते नं तुले. उद्या आनखी एक आनजो.”

ही सरांची रीतच होती. सोमवारी एक शब्द फळ्यावर मांडायचा आणि आठवडाभर मुलांनी त्याचे अर्थ गावातून गोळा करून आणायचे. पुस्तकातला चालत नसे. रेशनची लाइन आली, नळाची आली, शेतातल्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, लाइनी आल्या. स्थळ बघताना ‘पोरगा कोणत्या लाइनीत हाय?’ असं विचारतात, तीही आली. एका महाभागानं ‘लाइन मारणे’ आणलं. वर्ग खिदळला, सरांनी तेही शांतपणे फळ्यावर लिहिलं. मग यातलं इंग्रज काय म्हणतील आणि काय आपणच केलं, ते सर उलगडून सांगत. नवा अर्थ आणणाऱ्याला ते स्वतःच्या खुर्चीत बसवत आणि आपण बाकावर बसत. त्या खुर्चीच्या लोभानं मी सारा बाजार पालथा घातला. त्या नादात इंग्रजी कधी येऊ लागलं, कळलंच नाही.

आमच्या वर्गातली माधुरी बोलताना अडखळायची. तिचा शब्द अडला की आम्ही मागून पुरवायला टपलेलेच. सर हात वर करून आम्हाला थांबवत. “तिचा शब्द तिले आनू द्या,” म्हणत, आणि तास संपला तरी वाट पाहत. हीच माधुरी आज वडनेरच्या शाळेत इंग्रजी शिकवते.

गेल्या दिवाळीनंतर सरांना पक्षाघाताचा झटका आला. हातपाय सावरले, पण वाचा गेली. आयुष्य शब्दांत घालवलेला माणूस मुका बसून राहिला. डॉक्टर म्हणाले, बोलतं करत राहा. आम्ही जुने विद्यार्थी सरांच्या घरी जाऊन बसायचो, सरांनी ओठ हलवले रे हलवले की “पाणी का सर? चष्मा का?” असा भडिमार करायचो. सर मान फिरवून घ्यायचे. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, आत जाऊन डोळे पुसायच्या.

एका सोमवारी माधुरी आली. सरांसमोर बसून नुसतं “लाइन” म्हणाली. मी तोंड उघडलं, तसा तिनं हात वर केला.

“त्यायचा शब्द त्यायले आनू दे.”

चहावर साय धरली. सरांचा जबडा हलला, थांबला, पुन्हा हलला.

“लाइन... गेली.”

माधुरी रडत होती, मीही रडलो. तिनं विचारलं, “आन् मंग, सर?”

सरांनी माझ्याकडे बोट केलं.

“आनखी... एक... आनजो.”

तेव्हापासून आम्ही आळीपाळीनं एकेक शब्द घेऊन जातो. आता सर पूर्ण वाक्यं बोलतात, चुकलो तर रागावतातही. सर, आज आपली पंच्याहत्तरी झाली. शंभरीही अशीच ठणठणीत व्हावी. आम्ही आणत राहू, आपण मागत राहावं.