पपा कोणाच्या घरी आले

विमानतळावर आईची व्हीलचेअर आत वळली तेव्हा तिने एकदाच मागे पाहिलं, आणि तेही माझ्याकडे नाही, माझ्या मुलीकडे. "दीना, केस बांधत जा गं," एवढंच म्हणाली. माझी धाकटी बहीण रिबका तिच्या शेजारून चालत होती. आईची पर्स तिच्या हातात, आईची शाल तिच्या खांद्यावर. ती इस्राएलमधल्या आशदोदहून आईला न्यायलाच आली होती. काचेच्या बाहेर आम्ही तिघं उभे: मी, माझे मिस्टर सॅम्युअल आणि दीना. सॅम्युअलला वाटलं मी रडणार, म्हणून त्याने रुमाल पुढे केला. मला रडू येत नव्हतं. मला रिबकाचा हेवा वाटत होता, अगदी लहानपणी तिला नवीन फ्रॉक आणि मला तिच्यापेक्षा मोठी म्हणून समजूत मिळायची, तेव्हा वाटायचा तसाच.

रेवदंडा आम्ही दोघींनी एकाच वर्षी सोडलं. सॅम्युअलला केंद्र सरकारात नोकरी लागली आणि आम्ही सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये आलो. रिबका नवऱ्याबरोबर इस्राएलला गेली. पपा गेल्यावर आई माझ्याकडे आली, कारण दिल्ली जवळ. हे ती स्वतःच म्हणायची, "दिल्ली जवळ पडते." मला तेव्हा त्यात काही खटकलं नाही.

खटकायला लागलं ते सणांना. तुम्ही जे रेवदंड्याला राहिलात त्यांना हे सांगायला नको. नव्याच्या सणाने आपलं ज्यू लोकांचं वर्ष सुरू होतं, मग खिरीचा सण, नव्या तांदळाची नारळाच्या रसातली खीर, मग मालमा, आणि मालमाच्या दुसऱ्या दिवशी दार फाळणी. त्या दिवशी पांढरे कपडे, कडक उपास आणि घराची दारं बंद. बाहेरच्या कोणाशी बोलायचं नाही, वर्षभरात जे चुकलं त्याची देवाकडे माफी मागायची. रेवदंड्याला शेजारपाजारच्यांना ठाऊक असायचं. आमच्या दाराशी त्या दिवशी कोणी फिरकत नसे.

दिल्लीत आमचं दार कधी लागलंच नाही. आई उपाशी, पांढरी साडी नेसून, प्रार्थनेचं पुस्तक मांडीवर घेऊन बसायची आणि बेल वाजायची. कुरिअर. गॅस सिलिंडर. समोरच्या भाभीजी, "आज बाहर नहीं निकले आप लोग? सब ठीक?" कोपऱ्यावरच्या मैदानात रामलीलेचा माईक लागलेला असायचा, "हॅलो, चेक, चेक." आई मला काही बोलायची नाही. पण फोनवर रिबका सांगायची, तिकडे त्या दिवशी रस्त्यावर एकही गाडी नसते, सिग्नल नुसते लुकलुकत असतात, मुलं हायवेवर सायकली चालवतात, अख्खं शहर उपाशी असतं. आई ते डोळे मिटून ऐकायची. शेवटी एकदा म्हणाली, "मला एकदा तरी सगळ्यांबरोबर उपाशी राहायचंय." मी तिला कशी अडवणार होते?

आई तिकडे राहायला गेल्यानंतरच्या पहिल्याच शिळ्या सणाला तिचा फोन आला. शिळा सण म्हणजे दार फाळणीचा दुसरा दिवस. दारं उघडतात, गरिबाला काही द्यायचं, नातलगांकडे जाऊन यायचं. आपल्यात मानतात की मालमाला पहाटे घरातली गेलेली माणसं घरी येतात आणि शिळ्या सणाला परत जातात. लहानपणी पपा आम्हाला मालमाला अंधारात उठवून आंघोळ घालायचे, म्हणायचे, "घर स्वच्छ हवं, तुम्ही स्वच्छ हव्यात. माझे आजोबा येणार आहेत."

फोनवर आई म्हणाली, "पपा येऊन गेले. रिबकाच्या बाल्कनीत बसले होते, समुद्राकडे तोंड करून."

मागून रिबकाने विचारलं, "ताई, तुझ्याकडे आले होते का गं कधी?"

तिने साधंच विचारलं असेल. मी म्हटलं, "पपांकडे पासपोर्ट नव्हता, तिकडे कसे पोचले?" आणि फोन ठेवला. दिवसभर मी भांडी आपटत होते. आई गेली, सण गेला, आता पपाही तिकडेच. रेवदंड्याच्या मातीत पुरलेला माणूस समुद्र ओलांडून धाकटीकडे जातो आणि दोन तासांच्या विमानावर असलेल्या थोरलीकडे येत नाही.

पुढच्या वर्षी मी मालमाच्या आधी आठवडाभर घर घासलं. पडदे धुतले, पपांना आवडायची तशी सांदणं केली, पहाटे दीनाला उठवायला गेले. ती बारा वर्षांची आहे, दिल्लीत जन्मलेली. उशीत तोंड खुपसून म्हणाली, "मम्मी, यार, पाच मिनिटं." मग स्वतःच उठून बसली.

"आजोबा स्वप्नात आले होते. दारात उभे होते, टोपी घालून."

मी तिच्या पलंगावर बसले. "काय म्हणाले?"

"म्हणाले, आजी कुठे आहे? मी म्हटलं, वो तो इज़राइल में हैं. मग ते अच्छा म्हणाले आणि गेले."

पपा आयुष्यात कधी 'अच्छा' म्हणाले नव्हते. ते म्हणायचे, "असं होय." पण दीनाला पपा आठवतच नाहीत, ते गेले तेव्हा ती पाळण्यात होती. तिच्या स्वप्नातल्या पपांनी तिच्याच भाषेत बोलावं हे मला पटलं. पटलं नाही ते दुसरंच. ते माझ्या घरी आले, माझ्या मुलीशी बोलले, आणि चौकशी केली ती आईची. मी त्याच घरात, शेजारच्या खोलीत होते. त्या दिवशी मी स्वतःच्या मुलीचाही हेवा केला.

उपास झाला. शिळ्या सणाला मी आईला फोनवर सगळं सांगितलं.

"खरंच माझं विचारलं त्यांनी?"

"हो."

"मागच्या वर्षी ते आले नव्हते गं इकडे," ती हळूच म्हणाली. "रिबका स्वयंपाकघरात आहे म्हणून सांगते. तिला बोलू नकोस."

"मग तू तसं का म्हणालीस?"

"तिचं घर नवीन. आपलं गेलेलं माणूस त्या घरात कधी आलंच नव्हतं. इतकी वर्षं झाली तरी तिला आपण परक्याकडे राहतोय असं वाटायचं. म्हणून म्हटलं, पपा येऊन गेले. तेव्हापासून जरा रुळली."

मला राग आला. "मग माझ्यासाठी का नाही कधी म्हणालीस? माझ्याकडे तर किती सण होतीस."

"तुझ्याकडे मी होते ना," आई म्हणाली.

मी फोन सॅम्युअलकडे दिला.

रिबकाला मी काही सांगितलं नाही, सांगणारही नाही. तिच्या बाल्कनीतले पपा तिचेच राहू देत. हेवा गेला असं मात्र समजू नका. आई तिच्या टेबलावर जेवते आणि माझ्याशी स्क्रीनवर बोलते, हे काही बदललेलं नाही.

त्याच संध्याकाळी जेवताना मी सॅम्युअलला म्हटलं, "मी गेले की मला इथेच ठेवा, दिल्लीत. सिनेगॉगच्या मागे दफनाला जागा आहे. म्हणजे मालमाला मला दीनाचं घर शोधत फिरायला नको."

दीना म्हणाली, "पण मी तर कॉलेजला बाहेर जाणार आहे. मे बी कॅनडा."

सॅम्युअलने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या ताटात आणखी एक सांदण वाढलं.

"जा की," मी म्हटलं. "फक्त पत्ता नीट सांगून जा."